न लागलेल्या दिव्याचा अर्थ

घरी बांधलेल्या विमानात प्रत्येक फ्यूजच्या शेजारी एक छोटासा दिवा बसवावा की बसवू नये, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणण्याला वरकरणी काही कारण दिसत नाही. हौसेने विमाने बांधणाऱ्या मंडळींमध्ये मात्र, विशेषतः अमेरिकेत, ह्या प्रश्नावर बराच काथ्याकूट झालेला आहे. एक पक्ष म्हणतो, फ्यूज उडाला की वैमानिकाला तत्काळ कळले पाहिजे, आणि चार-दोन रुपयांच्या दिव्याने ते कळत असेल तर तो न लावणे हा निव्वळ करंटेपणा होय. दुसरा पक्ष विचारतो, कळून तो करणार काय? मी ह्या दुसऱ्या पक्षाचा आहे. वाद विजेचा दिसत असला तरी मुळात तो चिन्हांच्या वाचनाचा आहे असे मला वाटते, आणि चिन्हांचे वाचन हा तर मराठीच्या वर्गांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा रोजचा व्यवसाय. तेव्हा ह्या वादात आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे. निदान ऐकण्याचे कर्तव्य तरी आहेच.

नागपूरच्या माणसाला फ्यूज म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यात गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की जे व्हायचे ते होते, आणि मग जुन्या घरांतून कुणीतरी मीटरपाशी जाऊन चिनी मातीचे पांढरे किटकॅट उपसून तार जळली आहे का ते पाहतो. काळवंडलेले किटकॅट हीच तिथे खूण. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला जो फ्यूज असतो त्याला लाइनमन 'डीओ' म्हणतात, आणि त्याची रचना मला फार देखणी वाटते. आतली तार वितळली की फ्यूजची नळी वरच्या पकडीतून सुटते आणि खालच्या बिजागरीवर लोंबू लागते. खांबावर चढण्याची गरज नाही; रस्त्यात थांबून मान वर केली की तीनपैकी कोणता डीओ पडला ते दिसते. येथे बिघाड आणि बिघाडाची खूण ह्या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. पडणे हेच सांगणे आहे. मध्ये कुणी निरोप्या नाही, त्यामुळे निरोप्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नही उद्भवत नाही.

विमानातल्या फ्यूजची गोष्ट निराळी. घरी बांधलेल्या लहान विमानांत मोटारीतले चपट्या पात्यांचे फ्यूज सर्रास वापरले जातात. ते एका ठोकळ्यात ओळीने खोचलेले असतात, आणि ठोकळा बहुधा उपकरणांच्या फलकामागे किंवा पायांशी, नजरेच्या आड बसवलेला असतो. उडालेला फ्यूज शाबूत फ्यूजहून लांबून वेगळा दिसत नाही. म्हणून दिव्याची कल्पना निघाली. (दिवा आतच बसवलेले फ्यूजही मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळतात.)

तिची रचना अशी. एक एलईडी आणि तिच्याबरोबर हजार-दोन हजार ओहमचा एक रेझिस्टर, एवढी जोडी फ्यूजला समांतर जोडायची. फ्यूज शाबूत असेतो त्याच्या दोन्ही टोकांना विजेचा दाब सारखाच असतो. तेव्हा दिव्यातून प्रवाह वाहण्याचे कारणच नसते. फ्यूज वितळला की एका टोकाला पुरवठ्याचा दाब, म्हणजे इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट, आणि दुसरे टोक पलीकडच्या उपकरणातून विमानाच्या सांगाड्याला जाऊन मिळालेले, अशी स्थिती होते. पाच ते बारा मिलिअँपिअरचा क्षीण प्रवाह दिव्यातून आणि मग त्या उपकरणातून वाहू लागतो. एवढ्याशा प्रवाहावर उपकरण चालत नाही, दिवा मात्र लागतो. दोन रुपयांची एलईडी आणि काही पैशांचा रेझिस्टर ह्यांतून एक नवे वाक्य जन्माला येते: हा फ्यूज गेला.

पण ह्या वाक्याचे व्याकरण नीट पाहिले पाहिजे. दिवा लागण्यासाठी फ्यूज उडणे पुरेसे नाही. पलीकडे वीज मागणारे कुणीतरी असावे लागते. उपकरणाचे बटण बंद असेल तर परतीची वाट तुटलेली, आणि मग फ्यूज उडालेला असूनही दिवा काळाच. याहून गमतीची गोष्ट अशी की दिवा पाहून वैमानिकाने शहाणपणाने त्या उपकरणाचे बटण बंद केले, आणि दोष बटणाच्या पलीकडे असला, तर दिवा विझतो. जणू काही सारे आलबेल झाले. शिवाय तार मध्येच तुटली तर उपकरण मरते, पण फ्यूज शाबूत असल्याने दिवा लागत नाही. एलईडी उलटी जोडली गेली असेल, तिचा डाख सुटला असेल, तरीही दिवा लागत नाही. म्हणजे लागलेला दिवा बऱ्यापैकी एकच गोष्ट सांगतो. न लागलेला दिवा चार-पाच निरनिराळ्या गोष्टी सांगू शकतो, आणि त्यांतली कोणती ते सांगत नाही. उड्डाणाच्या वेळातला जवळजवळ सगळा वेळ तो न लागलेलाच असतो. वैमानिकाला वाचायचा असतो तो हाच अंधार.

आता हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. भाट्ट मीमांसकांनी आणि त्यांच्यामागून अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. जमिनीवर घडा नाही हे ज्ञान आपल्याला कशाने होते? घडा न दिसण्याने होते. पण लगेच त्यांनी एक अट घातली, आणि सगळे मर्म त्या अटीत आहे. न दिसणे हे 'योग्य' असले पाहिजे. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. नैयायिकांना हे वेगळे प्रमाण म्हणून मान्य नव्हते, पण योग्यतेची अट त्यांनाही सोडता आली नाही. तर्कसंग्रहाच्या तासाला आपण हे शिकतो, परीक्षेत टीप लिहितो आणि विसरतो. फ्यूजशेजारचा दिवा हा योग्यानुपलब्धीचा जितका स्वच्छ दृष्टांत आहे तितका स्वच्छ घड्याचा आहे असे मला वाटत नाही. दिवा लागलेला नाही, यावरून फ्यूज शाबूत आहे असे म्हणायचे असेल, तर फ्यूज उडाला असता तर दिवा लागलाच असता हे आधी सिद्ध हवे. वर वर्णन केलेल्या जोडणीत ते सिद्ध नसते.

ह्या अटीची किंमत किती असू शकते ते एका अपघाताने दाखवून दिले आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे उड्डाण ४०१ न्यूयॉर्कहून मायामीला उतरायला आले. विमान लॉकहीड ट्रायस्टार, त्या काळातले अत्यंत आधुनिक. चाके खाली सोडली, पण पुढचे चाक खाली जाऊन पक्के झाल्याची खूण देणारा दिवा लागला नाही. वैमानिकांनी उतरणे रद्द केले, विमान २००० फुटांवर स्थिर केले, स्वयंचलित यंत्रणेच्या हवाली केले आणि ते त्या दिव्याच्या मागे लागले. दिव्याचे झाकण निघेना, बसेना. ह्या खटपटीत उंची राखण्याची यंत्रणा नकळत सुटली. उंची कमी होऊ लागल्याची सूचना देणारा मंजूळ नाद कॉकपिटमध्ये वाजला, तो कुणाच्या ध्यानात आला नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. १७६ जणांपैकी १०१ दगावले. पुढचे चाक व्यवस्थित खाली होते. जळाले होते ते दिव्यातले छोटे बल्ब.

ह्या प्रसंगाचे तात्पर्य वैमानिकांच्या शाळांत लक्ष विचलित होण्याविषयी सांगतात, आणि ते बरोबरच आहे. परंतु मला त्यात वाचनाची शोकांतिका दिसते. अर्थ सांगणारी वस्तू स्वतःच बिघडू शकते, ही शक्यता त्या मंडळींना सुचली नव्हती असे नाही. ती सुचली म्हणूनच तर ते दिवा उघडत बसले. चिन्हाची शहानिशा करता करता चिन्हांकित जग हातून निसटले. एखाद्या शब्दाच्या पाठभेदात आठवडाभर गुंतून राहिलेल्या आणि कविता वाचायची विसरून गेलेल्या संशोधकाला ही अवस्था अपरिचित वाटू नये, फक्त त्याच्या मागे पावणेदोनशे माणसे बसलेली नसतात.

आता दुसऱ्या पक्षाच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ: कळून करणार काय? येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो असे आपण धरून चालतो. तो प्रामुख्याने तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेतून तिच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह गेला तर ती तापेल, तिचे आवरण जळेल, धूर होईल. ते होण्याआधी फ्यूजने मरून जावे, अशी योजना असते. म्हणजे फ्यूज उडाला हा बहुतेक वेळा बिघाड नव्हेच. तो बिघाडावर झालेला उपाय आहे. लागलेल्या दिव्याचा वाच्यार्थ 'फ्यूज गेला' एवढाच आहे, पण त्याचा व्यंग्यार्थ 'कुठेतरी तार घासली आहे, आणि आग लागता लागता राहिली आहे' असा आहे. व्यंजना वगैरे काही नाही, हे सरळ अनुमान आहे, असे महिमभट्ट म्हणाला असता, म्हणो बापडा. वाच्यार्थापाशी थांबणारा वाचक नवा फ्यूज खोचतो आणि ज्या तारेपासून वीज तोडली गेली होती तिलाच ती पुन्हा देतो.

अमेरिकेच्या नियमांत रात्रीच्या उड्डाणासाठी सुट्या फ्यूजचा एक पूर्ण संच, किंवा लागणाऱ्या प्रत्येक प्रकारचे तीन फ्यूज, वैमानिकाच्या हाताशी असावेत अशी अट आहे. ती जुन्या काळाची, फ्यूज वाचणाऱ्याला वाच्यार्थापाशी थांबवणारी अट आहे. 'एरोइलेक्ट्रिक कनेक्शन' हे पुस्तक लिहिणारे अभियंते रॉबर्ट नकल्स ह्यांनी हौशी विमानबांधकांना वर्षानुवर्षे उलटे सांगितले: फ्यूज वैमानिकाच्या हाताला लागतील अशा जागी ठेवूच नका. कोणतेही एक उपकरण बंद पडले तरी उड्डाण निर्विघ्न पुरे होईल अशी रचना आधी करा, आणि मग फ्यूज उडाला तर उडू द्या. उतरल्यावर जमिनीवर कारण शोधा. ह्या सल्ल्यात एक मोठी नैतिक दृष्टी आहे. सांगण्याआधी ऐकणाऱ्याला काही करता येईल का, याचा विचार तीत आहे. अंधारात, ढगात, एकट्या माणसापुढे लाल ठिपका पेटवून त्याला नुसते अस्वस्थ करणे ही माहिती नव्हे.

मात्र येथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो खरा आहे. कळले नाही तर शोधणार कसे? १० जुलै २००७ रोजी फ्लोरिडात सॅनफर्डजवळ एक दोन इंजिनांचे सेस्ना विमान घरांवर कोसळले. विमानातले दोघे आणि जमिनीवरचे तिघे मरण पावले. आदल्या दिवशी दुसऱ्या वैमानिकाला हवामानाच्या रडारचा पडदा काळा पडलेला दिसला होता, जळका वास आला होता. त्याने त्या रडारचा सर्किट ब्रेकर ओढला, वास थांबला, विमान सुखरूप उतरवून त्याने हे सारे बिघाडांच्या नोंदींत लिहून ठेवले. नोंद होती. ती स्पष्ट होती. तरीही दुरुस्तीविना विमान दुसऱ्या दिवशी सोडले गेले, आणि चौकशीअंती असे मानले गेले की उड्डाणापूर्वीच्या नेहमीच्या तपासणीत तो बाहेर आलेला ब्रेकर पुन्हा आत दाबला गेला असावा. बाहेर आलेला ब्रेकर ही एक खूण होती, आपल्या डीओसारखी, स्वतःच बोलणारी. आणि ती दुरुस्त करण्याच्या सद्हेतूने पुसली गेली. येथे दिवा कमी पडला नव्हता. खूण होती, तिचे सविस्तर भाष्यही लिहिले गेले होते, आणि कमी पडला तो वाचक. दिव्यांच्या संख्येत सुरक्षितता मोजणाऱ्यांनी ह्या प्रसंगावर जरा थांबावे.

येथून मी महाराष्ट्राकडे येतो, कारण घरी बांधलेल्या विमानाची कथा आपल्याकडेही घडली आहे आणि ती आपण कशी वाचली हे पाहण्यासारखे आहे. तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेले अमोल यादव ह्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला, आणि पुढच्या वर्षी धुळ्याच्या धावपट्टीवरील चाचण्यांच्या बातम्या आल्या. हे काम थोर आहे. वर्षानुवर्षे कागदांच्या मागे धावणे हे गच्चीवर पत्रा कापण्याहून कठीण. पण मराठीत त्याविषयी जे लिहिले गेले त्यातले बहुतेक गच्ची, जिद्द, लालफीत आणि शेपटीवरची अक्षरे ह्यांच्यापुढे गेले नाही. व्हीटी-एनएमडी ह्या नोंदणीचिन्हात पंतप्रधानांच्या आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या नावांची आद्याक्षरे आहेत, हे सर्वांनी वाचले. शेपटीवरचे चिन्ह वाचायला आपण तत्पर. फलकामागच्या चिन्हांविषयी मात्र आपल्याला कुतूहलच नाही. इंधनाचा पंप बंद पडला तर काय, एक अल्टरनेटर गेला तर बॅटरी किती वेळ पुरते, ती तशी पुरते हे तपासले कुणी, हे प्रश्न विचारणारा एक दीर्घ मराठी लेख माझ्या वाचनात आला नाही. विचारले असते तर त्या माणसाच्या कामाची खरी उंची कळली असती.

प्रश्न न विचारण्याची ही सवय आपल्याला महाग पडलेली आहे. शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवले, ही कथा समकालीन भरवशाच्या पुराव्याविना सव्वाशे वर्षे चालत आली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ तपासला, त्यातली विमाने उडू शकत नाहीत आणि ग्रंथही विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे, असे दाखवून दिले. तरी २०१५ साली मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये तो विषय पुन्हा व्यासपीठावर आलाच. ह्या कथेला एकही फ्यूज नाही. ती कोणत्या परिस्थितीत खोटी ठरेल, हे सांगणारी जागाच तिच्यात ठेवलेली नाही, आणि जी उडूच शकत नाही त्या तारेशेजारी दिवा लावून उपयोग काय? पुरावा मिळत नाही असे म्हटले की उत्तर येते, दडपला गेला असेल. योग्यतेच्या अटीची ही सरळसरळ पायमल्ली आहे, आणि ती करणाऱ्यांत संस्कृताचा अभिमान बाळगणारे अधिक असतात, ह्याचे मला अधिक वाईट वाटते.

नागपूरने ह्या बाबतीत पुढाकार घ्यावा असे म्हणण्याला आधार आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांची विमाने मध्यरात्री ह्याच शहरात जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय येथे आहे. मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे. म्हणजे विमानाची तक्रार वाचणे, तिचा अर्थ लावणे आणि त्यावर काय केले ते लिहून सही करणे, हा ह्या शहरातल्या कितीतरी लोकांचा चरितार्थ आहे. वैमानिकाने लिहिलेली तक्रार आणि तिच्यापुढे अभियंत्याने लिहिलेले उत्तर, असा विमानाच्या नोंदवहीतला जो संवाद असतो, तो एक वाङ्मयप्रकार आहे. त्यात एक शब्द सैल पडला तर चालत नाही. आमच्या विद्यापीठांच्या मराठी विभागांतून ह्या गद्याकडे कुणी पाहिल्याचे मला ठाऊक नाही. व्यावहारिक मराठीच्या पेपरात अजून अर्ज आणि इतिवृत्तच शिकवले जाते.

राहिला मूळ प्रश्न. फ्यूजशेजारी दिवे लावू नयेत, पण विमानात एक दिवा अवश्य असावा: पुरवठ्याचा दाब १३ व्होल्टच्या खाली गेला की लागणारा. त्याची मातब्बरी अशी की त्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागत नाही. इंजिन सुरू करण्यापूर्वी नुसत्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच असतात, म्हणून बटण दाबताच तो लागतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटरने भार घेतला की दाब चौदापर्यंत चढतो आणि तो विझतो. आपण बोलू शकतो हे रोज उड्डाणाआधी दाखवून मग तो गप्प बसतो. त्यानंतरच्या त्याच्या अंधाराला अर्थ आहे. आणि तो लागलाच तर वैमानिकाला करण्यासारखे काही असते: अल्टरनेटर गेला आहे, आता बॅटरीवर किती वेळ निघेल ते त्याने आधीच मोजून ठेवलेले आहे, अनावश्यक उपकरणे बंद करायची आणि जवळची धावपट्टी गाठायची.

फ्यूजचा ठोकळा जमिनीवर सहज उघडता येईल असा बसवावा. चपट्या फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे ठेवलेले असतात. विमान उतरवून, इंजिन थंड झाल्यावर, पुरवठा चालू करावा, टेस्ट लॅम्पची एक तार सांगाड्याला लावावी आणि दुसरीच्या टोकाने ते दोन्ही ठिपके एकामागून एक शिवून पाहावेत. दोन्हींवर लॅम्प लागला तर फ्यूज शाबूत. एकावर लागला आणि दुसऱ्यावर नाही, तर आता फ्यूज बाजूला ठेवून त्याच्या तारेच्या मागे निघायचे.